हंगामापुरती आलेली माणसं

दिवाळी आटोपली की रत्नागिरीच्या रेल्वे स्टेशनवर नेपाळी माणसं उतरू लागतात. पाठीवर बॅग, काखेत गुंडाळलेलं ब्लँकेट, पुढे एक जुना जाणता आणि त्याच्या मागे पाच-सहा नवखी पोरं. मासेमारीच्या बोटींवरचे नेपाळी खलाशी त्याआधीच, नारळी पौर्णिमेच्या सुमाराला आलेले असतात. दिवाळीनंतरची ही माणसं येतात ती हापूसच्या बागांसाठी. कलमांखालचं गवत काढणं, मोहोरावर फवारणी, वानरं हाकणं, रात्रीची राखण, मग झेल्याने आंबा उतरवणं आणि पेट्या भरणं. मिरगाच्या तोंडावर ती परत जातात.

माझ्या मामांच्या बागेत असाच एक जण सलग चार हंगाम येत होता. सगळे त्याला बहादूर म्हणत. चौथ्या वर्षी जानेवारीत सकाळची फवारणी करून तो मांगरात आला आणि त्याला उलट्या सुरू झाल्या. तोंडातून लाळ गळत होती, हात थरथरत होते. मामांनी त्याला गाडीत घातलं आणि तालुक्याला दवाखान्यात नेलं. मी बरोबर होतो. केसपेपर काढणाऱ्या बाईंनी नाव विचारलं. मामा म्हणाले, ‘बहादूर.’ बाई म्हणाल्या, ‘पूर्ण नाव सांगा.’ मामांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. शेवटी त्याच्या खिशातल्या पाकिटात प्लॅस्टिकमध्ये घातलेलं नेपाळी नागरिकतेचं प्रमाणपत्र सापडलं. त्यावर त्याचं नाव, बापाचं नाव, गाव, जिल्हा सगळं आपल्याच देवनागरी लिपीत लिहिलेलं होतं. चार वर्षांत ते कुणी वाचलं नव्हतं. त्याचं नाव बहादूर नव्हतं. ‘नातेवाईक’ या रकान्यापुढे मामांनी स्वतःची सही केली. तीन दिवसांनी तो बरा होऊन बागेत आला, पण ती सही माझ्या डोक्यातून गेली नाही.

गावातला गडी संध्याकाळी आपल्या घरी जातो. आजारी पडला तर घरची माणसं धावतात. एका बागायतदाराशी पटलं नाही तर तो दुसऱ्याकडे जातो. परक्या देशातून हंगामापुरत्या आलेल्या माणसाच्या बाबतीत छप्पर, आजारपणातलं माणूस आणि दुसऱ्या कामाची वाट या तिन्ही गोष्टी बहुधा एकाच मालकाच्या हातात जमा होतात. म्हणून त्या मालकाची जबाबदारी मजुरी देऊन संपत नाही. माणसाच्या आयुष्याचा जेवढा भाग त्याने आपल्या हाती घेतला, तेवढ्याचं उत्तर त्याला द्यावं लागतं. जगातल्या निरनिराळ्या देशांनी गेल्या ऐंशी वर्षांत ही जबाबदारी कागदावर बरीचशी मान्य केली आहे. ती कुठे टिकते आणि कुठे निसटते, हे नीट पाहिलं तर दोन जागा पुन्हा पुन्हा समोर येतात. एक, मजूर आणून देणारा मधला माणूस. दुसरी, मालकाला सोडून जाण्याचा हक्क.

सुरुवात अमेरिकेपासून करावी लागते. १९४२ साली, महायुद्धाच्या धामधुमीत शेतांवर माणसं कमी पडू लागली, तेव्हा अमेरिकेने मेक्सिकोशी करार केला. ब्रासेरो या नावाची ही योजना १९६४ पर्यंत चालली आणि त्या बावीस वर्षांत ४५ लाखांवर करार झाले. आजच्या बहुतेक हंगामी योजनांची मुळाक्षरं त्या करारात सापडतात. जाण्यायेण्याचा खर्च मजुरावर पडणार नाही, राहायची सोय मालक करेल, आणि कराराच्या मुदतीत किमान तीन-चतुर्थांश दिवस काम मिळेल याची हमी.

शेतावर चित्र वेगळं होतं. लेट्यूस आणि बीटच्या वाफ्यांत मजुरांच्या हाती जेमतेम हातभर दांड्याची कुदळ दिली जाई. ती चालवायची तर दिवसभर कंबरेतून दुमडूनच राहावं लागे. कोण सरळ उभा राहिला हे मुकादमाला लांबूनही कळे. कॅलिफोर्नियाने या कुदळीवर बंदी घातली ती १९७५ मध्ये, ब्रासेरो योजना बंद होऊन अकरा वर्षं झाल्यावर. सप्टेंबर १९६३ मध्ये चुआलार गावाजवळ मजुरांना शेतावरून परत नेणारी गाडी आगगाडीखाली सापडली आणि ३२ माणसं गेली. ती गाडी म्हणजे बाकं टाकून माणसांसाठी केलेला मालाचा ट्रक होता. सुरुवातीच्या वर्षांत मजुरीतले १० टक्के ‘बचत’ म्हणून कापून घेतले जात, घरी गेल्यावर परत मिळतील असं सांगून. हजारोंना ते कधीच मिळाले नाहीत. पुढच्या शतकात खटले आणि मोर्चे झाले, तेव्हा २००५ मध्ये मेक्सिकोच्या सरकारने अशा जुन्या मजुरांना ३८ हजार पेसो देण्यासाठी निधी उभारला. तोवर त्यातले कितीतरी जण मरून गेले होते. मजुराचा पैसा ‘हंगामाच्या शेवटी देऊ’ म्हणून मालकाकडे किंवा सरकारकडे ठेवायचा, ही सवय आपल्याकडेही आहे. म्हणून हे उदाहरण मला फार जवळचं वाटतं.

कॅनडाची योजना १९६६ मध्ये सुरू झाली, जमैकाहून ऑन्टारियोच्या शेतांवर आलेल्या २६४ मजुरांपासून. पुढच्या वर्षी त्रिनिदाद आणि बार्बाडोस आले, १९७४ मध्ये मेक्सिको. आता कॅनडाच्या शेतीत दरवर्षी ७० हजारांच्या आसपास परदेशी हंगामी आणि तात्पुरते मजूर राबतात. या योजनेचा करार मी जितक्या वेळा वाचला, तितक्या वेळा त्याच्या बारकाईने थक्क झालो. मजूर वर्षात जास्तीत जास्त आठ महिने राहील. सहा आठवड्यांसाठी आणला तरी किमान २४० तासांचं काम द्यायचं. घर मालकाने द्यायचं, ब्रिटिश कोलंबिया वगळता फुकट, आणि मजूर येण्याआधी त्या घराची तपासणी व्हायची. घरापासून शेतापर्यंतची ने-आण मालकाची. प्रांताच्या आरोग्य विम्यात त्याचं नाव घालायचं, कामावर इजा झाली तर भरपाईच्या योजनेत तो बसला पाहिजे. भरतीसाठी मजुराकडून पैसे घ्यायचे नाहीत. आणि करारावर मालक आणि मजूर यांच्याबरोबर मजुराच्या देशाच्या सरकारचीही सही. पाठवणारा देश इतका जवळ उभा राहतो असा करार विरळा.

मग बिघडतं कुठे? मजुराच्या कामाच्या परवान्यावर एकाच मालकाचं नाव असतं. त्या मालकाने काढून टाकलं तर दुसऱ्या शेतावर बदली होऊ शकते, पण ती सगळ्यांच्या संमतीने आणि कागदपत्रांच्या वाटेने. बहुतेक वेळा घरची वाटच जवळ पडते. आणि पुढच्या वर्षी कोण यावं हे मालक नावानिशी कळवतो. वीस-वीस वर्षं एकाच शेतावर येणारी माणसं आहेत. प्रत्येक हंगामाच्या अखेरीस त्यांच्यापुढे तोच प्रश्न असतो, यंदा आपलं नाव यादीत येईल का. अशा माणसाला पाठ दुखते म्हणून एक दिवस सुट्टी मागणंही जड जातं. घराचं छत गळतं हे तपासणीसाला सांगणं तर दूरच. करारातलं प्रत्येक चांगलं कलम या एका भीतीपाशी येऊन अडतं.

कॅनडाच्या सरकारला हे कळत नाही असं नाही. ४ जून २०१९ पासून छळ झालेल्या मजुराला कुठल्याही मालकाकडे काम करता येईल असा खुला परवाना मागता येतो. सप्टेंबर २०२२ मध्ये नियम बदलून मजुराला त्याचे हक्क सांगणं आणि तक्रारीचा सूड न घेणं मालकावर बंधनकारक झालं. पण खुला परवाना मागायचा तर आधी छळ दाखवून द्यावा लागतो. परक्या भाषेत, पुराव्यानिशी, मालकाच्याच घरात राहून. २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे आधुनिक गुलामगिरीविषयक विशेष प्रतिवेदक तोमोया ओबोकाता कॅनडात येऊन गेले. अशा तात्पुरत्या, बांधील व्यवस्थेतूनच गुलामगिरीचे नवे प्रकार उगवतात, असं त्यांनी उघडपणे सांगितलं. ऑन्टारियोत तर शेतमजुरांना इतर कामगारांसारखा संघटनेचा आणि वाटाघाटींचा कायदाही लागू नाही. त्यांच्यासाठी २००२ चा वेगळा, दुबळा कायदा आहे आणि तो २०११ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयात टिकला. बेकारी विम्याचा हप्ता हंगामी मजुराच्या पगारातून कापला जातो, पण काम संपलं की देश सोडावा लागत असल्याने नेहमीचा बेकारी भत्ता त्याच्या हाती येत नाही. वर्षानुवर्षं भरायचं आणि घ्यायची वेळ आली की विमानात बसायचं. यात मला कसलाच न्याय दिसत नाही.

घराविषयी थोडं थांबून बोलायला हवं, कारण मालकाची नियत मजुरीपेक्षा घरात लवकर दिसते. अमेरिकेत तात्पुरत्या कामगारवस्त्यांसाठी संघीय नियम आहेत. झोपायच्या खोलीत माणशी किमान ५० चौरस फूट जागा, दोन खाटांमध्ये किमान तीन फुटांचं अंतर, संडास खोलीपासून २०० फुटांच्या आत. ५० चौरस फूट म्हणजे दहा फूट बाय पाच फूट. एक खाट, एक ट्रंक, आणि उभं राहून शर्ट घालायला जागा. एवढीसुद्धा अनेक ठिकाणी मिळत नाही. करोनाच्या साथीत ही गोष्ट जगाने पाहिली. २०२० च्या उन्हाळ्यात ऑन्टारियोच्या शेतांवर एका घरात डझनावारी मजूर, दोनमजली खाटा, सामाईक स्वयंपाकघर, अशी स्थिती होती. वेगळं राहा म्हणणाऱ्या सरकारी सूचनेला तिथे अर्थच नव्हता. शेकड्यांनी लोकांना लागण झाली, तीन मेक्सिकन मजूर दगावले आणि मेक्सिकोने जूनमध्ये काही दिवस माणसं पाठवणं थांबवलं. मजूर येताच चौदा दिवसांचं विलगीकरण होतं. त्या काळात आठवड्याला किमान ३० तासांची मजुरी मालकाने द्यायची असा नियम होता आणि सरकारने मालकांना माणशी १,५०० डॉलरपर्यंत मदत देऊ केली. नियम योग्य होता. पण ज्या घरात मुळातच माणसं कोंबलेली, तिथे विलगीकरण करायचं कुठे?

अमेरिकेची आजची योजना एच-टू-ए या व्हिसाची. या व्हिसांना वार्षिक कमाल मर्यादा नाही. २००५ मध्ये सुमारे ४८ हजार जागांना मंजुरी होती, २०२३ मध्ये ती ३ लाख ७० हजारांच्या वर गेली. जबाबदाऱ्यांची यादी कॅनडासारखीच: फुकट घर, तीन वेळचं जेवण किंवा स्वयंपाकाची सोय, अर्धा करार पुरा झाला की येण्याचा खर्च परत, करार पुरा झाला की जाण्याचा खर्च, ब्रासेरोपासून आलेली तीन-चतुर्थांश कामाची हमी, आणि स्थानिकांची मजुरी पडू नये म्हणून ठरवलेला किमान दर. तरीही २०२१ मध्ये जॉर्जियात संघीय तपासयंत्रणेने २४ जणांवर आरोपपत्र ठेवलं, तेव्हा या व्हिसाच्या आडोशाला काय चालतं ते कळलं. आरोपपत्रात लिहिलं होतं ते असं: पासपोर्ट काढून घेतलेले मजूर, उघड्या हातांनी कांदे उपटायला लावलेलं, एका बादलीला २० सेंट, बंदुकीचा धाक, आणि मजुरांच्या विक्रीचे व्यवहार. या टोळीत पुढे होते ते मजूर पुरवणारे ठेकेदार. कांदा मात्र कुणाच्या तरी शेतातला होता.

इथे आपण त्या मधल्या माणसापाशी येतो. आपल्याकडे त्याला मुकादम म्हणतात. बीडकडच्या ऊसतोड टोळ्यांचा मुकादम उचल देतो आणि त्या उचलीने नवरा-बायकोचा एक कोयता हंगामभर बांधून ठेवतो. इटलीत त्याला कापोराले म्हणतात, आणि तिथल्या मजुरांत आपली माणसं आहेत. रोमच्या दक्षिणेला लातिना जिल्ह्यातल्या भाजी-फळांच्या मळ्यांत अनेक वर्षांपासून हजारो पंजाबी शीख राबतात. इटलीला जायचा कागद मिळावा म्हणून कुणी लाखो रुपये कर्ज काढलेलं असतं, कुणी जमीन गहाण ठेवलेली असते. तिथे पोचल्यावर कळतं की ज्या मालकाच्या नावाने व्हिसा निघाला तो मालक दारात उभंच करत नाही. मग कागदाविना, मिळेल त्या भावाने काम. एप्रिल २०१६ मध्ये याच मजुरांनी लातिनात संप करून मोर्चा काढला होता.

जून २०२४ मध्ये त्याच जिल्ह्यात एका पंजाबी मजुराचा हात यंत्रात सापडून तुटला. मालकाने रुग्णवाहिका बोलावली नाही. गाडीतून आणून त्याला त्याच्या घरापाशी टाकलं आणि तुटलेला हात फळांच्या क्रेटमध्ये ठेवून दिला. दोन दिवसांनी तो गेला. साऱ्या इटलीत संताप उसळला, मालकावर खटला उभा राहिला. वाचताना मला मामांची ती सही आठवली. त्या मजुराकडे कागद नव्हते, आणि दवाखान्यात नेलं तर आपणही सापडू ही भीती मालकाच्या मनात होती. बेकायदेशीर कामावर ठेवलेल्या माणसाचा अपघात हा मालकाच्या लेखी पुरावा ठरतो, आणि पुरावा लपवायचा असतो.

इटलीच्या कायद्याने एक गोष्ट चांगली केली. २०११ पर्यंतच्या आणि त्या वर्षीच्या तरतुदींचा रोख दलालावर होता. २०१५ च्या उन्हाळ्यात पुलिया प्रांतात द्राक्षांच्या मळ्यात एक मजूर बाई काम करता करता कोसळून मेली आणि देश हादरला. त्यानंतर २०१६ चा १९९ क्रमांकाचा कायदा आला. आता दलालाबरोबर त्या मजुराला राबवणाऱ्या मालकालाही एक ते सहा वर्षांची कैद होऊ शकते, धाकदपटशा असेल तर आठपर्यंत. ‘मला माहीत नव्हतं, मुकादमाने आणली माणसं’ हे उत्तर तिथल्या कायद्याने काढून घेतलं. आपल्या कारखानदारांनी, बागायतदारांनी आणि द्राक्षवाल्यांनी हे वाक्य किती वेळा उच्चारलं असेल!

ब्रिटनने हा प्रश्न परवान्याच्या वाटेने हाताळून पाहिला. ५ फेब्रुवारी २००४ च्या रात्री मोरकम बेच्या वाळूत शिंपल्या वेचणारे किमान २१ चिनी मजूर भरतीच्या पाण्यात बुडाले. त्याच वर्षी मजूर पुरवणाऱ्यांसाठी परवान्याची सक्ती करणारा कायदा झाला. पण युरोपीय संघातून बाहेर पडताना ब्रिटनने २०१९ मध्ये हंगामी शेतमजुरांचा वेगळा व्हिसा सुरू केला, आधी २,५०० जागा, काही वर्षांतच ४५ हजारांच्या घरात. मुदत सहा महिने. माणसं मध्य आशिया, इंडोनेशिया, नेपाळ इथून येऊ लागली. व्हिसाचं शुल्क आणि विमानभाडं मजुराचंच. २०२२ मध्ये केंटमधल्या इंडोनेशियन मजुरांवर दलालांच्या कर्जाचे डोंगर असल्याचं उघड झालं. सहा महिन्यांत कर्ज फेडून वर काही उरायला हवं, आणि त्यात स्ट्रॉबेरी उशिरा पिकली तर पहिले काही आठवडे कामच नाही. २०२३ पासून आठवड्याला किमान ३२ तासांच्या पगाराची हमी आली, ती या अनुभवातूनच. २०२४ मध्ये तिथल्या सरकारच्या स्थलांतर सल्लागार समितीने किमान दोन महिन्यांच्या पगाराची हमी द्यावी असं सुचवलं आणि भरतीचा खर्च मालकाने उचलावा या तत्त्वाचा विचार करायला सांगितलं. माझ्या मते हे तत्त्व सगळ्याच्या मुळाशी आहे. आणण्याचा खर्च ज्याला माणूस हवा त्याने करायचा. कर्ज डोक्यावर घेऊन आलेला माणूस कुठल्याही घरात राहतो आणि काहीही सोसतो, कारण रिकाम्या हाताने परत जाणं त्याला परवडत नाही.

स्पेनच्या वेल्बा भागातल्या स्ट्रॉबेरीच्या शेतांवर मोरोक्कोहून बायका येतात, त्यांची निवडच बोलकी आहे. ज्यांची लहान मुलं घरी आहेत अशा बायका निवडायच्या, म्हणजे हंगाम संपला की त्या नक्की परत जातील. आईच्या ओढीचा उपयोग जामीन म्हणून करणारी ही पद्धत सरकारी करारांतून आली आहे. याहून जास्त मला त्याबद्दल लिहवत नाही.

आरोग्याची जबाबदारी सगळ्यात सोपी दिसते आणि सगळ्यात जास्त टाळली जाते. उन्हाने जाणारे बळी बहुधा कामाच्या पहिल्या काही दिवसांतले असतात, हे अमेरिकेतल्या कामगार-सुरक्षेच्या अभ्यासांत वारंवार दिसलं आहे. शरीराला त्या उन्हाची सवय नसते. म्हणून नव्या माणसाला पहिल्या दिवशी नेहमीच्या कामाच्या २० टक्केच काम द्यावं आणि रोज थोडं वाढवावं, असा तिथला सल्ला आहे. डोंगरातल्या थंडीतून कोकणाच्या घामट उन्हात आलेल्या पोराला आपण पहिल्याच दिवशी फवारणीचा पंप पाठीवर देतो. नॉर्थ कॅरोलिनात तंबाखूची ओली पानं खुडणाऱ्यांच्या कातडीतून निकोटिन अंगात शिरतं, त्यांना मळमळ आणि घेरी येते. तिथल्या एच-टू-ए मजुरांनी २००४ मध्ये संघटनेमार्फत मालकसंघाशी करार केला, या व्हिसावरच्या मजुरांचा तो पहिला सामूहिक करार. त्या संघटनेने भरतीतली लुबाडणूक थांबवण्यासाठी मेक्सिकोत मोन्तेरे इथे कार्यालय उघडलं. एप्रिल २००७ मध्ये त्या कार्यालयातल्या कार्यकर्त्याचा खून झाला. दलालांच्या धंद्यात हात घालणं किती महाग पडतं, ते यावरून कळावं. फवारणीपुरतं बोलायचं तर आपल्याला लांब जायची गरज नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले.

मालकांची बाजूही मांडायला हवी, कारण मी बागायतदारांच्या घरातला आहे. शेतीत दर मालकाच्या हाती नसतो. मोहोर तुडतुड्यांनी आणि फुलकिडीने जातो, अवकाळीने झडतो, पेटी वाशीला गेली की भाव दलाल सांगतो. कॅनडातल्या टोमॅटोवाल्याची आणि इंग्लंडमधल्या स्ट्रॉबेरीवाल्याची रडकथा याहून फार वेगळी नाही, फक्त दलालाच्या जागी तिथे सुपरमार्केट आहे. हे सगळं खरं आहे. पण या साखळीत जोखीम खाली खाली सरकत शेवटी अशा माणसावर येऊन थांबते ज्याला ती पुढे ढकलायला कुणीच नाही. ती वर ढकलायचा एक चांगला प्रयोग फ्लोरिडात झाला. इमोकली गावच्या टोमॅटो मजुरांनी चार वर्षं एका मोठ्या फास्टफूड साखळीवर बहिष्कार चालवला आणि २००५ मध्ये ती कंपनी पौंडामागे एक सेंट जास्त द्यायला तयार झाली. त्यातून २०११ मध्ये उभा राहिलेला फेअर फूड कार्यक्रम असा चालतो: मोठे खरेदीदार तो जादा सेंट देतात आणि नियम मोडणाऱ्या शेताकडून माल घेणं थांबवतात. सावली, पाणी, मालकाने थेट कामावर घेणं, तक्रारीसाठी चोवीस तासांचा फोन. तक्रार केली तर मजुराचं नुकसान होण्याऐवजी शेताचं गिऱ्हाईक जातं. सरकारी तपासणीस वर्षातून एकदा येईल न येईल, गिऱ्हाईक तर रोजच असतं.

आंतरराष्ट्रीय करारांत मी फार शिरत नाही. १९९० च्या संयुक्त राष्ट्रांच्या स्थलांतरित कामगार करारात हंगामी मजुरांसाठी वेगळं ५९ वं कलम आहे, पण मजूर बोलावणाऱ्या श्रीमंत देशांनी तो करार स्वीकारलेला नाही, आणि भारतानेही नाही. युरोपीय संघाचा २०१४ चा निर्देश जास्त कामाचा आहे. घरभाडं भरमसाट नसावं आणि ते मजुरीतून परस्पर कापून घेऊ नये, इतकं साधं वाक्य त्यात आहे.

आता परत कोकणात. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे नेपाळी माणसाला इथे यायला व्हिसा लागत नाही, परवाना लागत नाही. त्याला एका बागायतदाराशी बांधणारा कुठलाही सरकारी कागद नाही. बिनसलं तर तो शेजारच्या बागेत जाऊ शकतो, आणि जातोही. कॅनडातल्या मजुराला जे मिळत नाही ते याला जन्मतः मिळालं आहे. पण कॅनडातल्या मजुराला जे मिळतं त्यातलं याला काहीच नाही. करार नाही, विमा नाही, घराची तपासणी नाही, नोंद नाही. नेपाळ सरकारने २०१५ मध्ये आखाती देश आणि मलेशियासाठी ‘फुकट व्हिसा, फुकट तिकीट’ असं धोरण आणलं, पण भारतात यायला नेपाळची श्रम स्वीकृती, म्हणजे परदेशी कामाची परवानगीच लागत नाही, त्यामुळे तिथल्या दप्तरातही हा माणूस परदेशी कामावर गेलेला म्हणून उमटत नाही. आपला १९७९ चा स्थलांतरित कामगार कायदा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात ठेकेदारामार्फत नेलेल्या मजुरांसाठी होता. असंघटित कामगारांच्या ई-श्रम पोर्टलवर नोंद करायची तर आधार हवा.

याचा अर्थ इथे कायदा त्याला ओळखतच नाही असा नाही. किमान वेतनाचा कायदा नागरिकत्व विचारत नाही. घटनेचं २१ वं आणि २३ वं कलम ‘व्यक्ती’साठी आहे, केवळ नागरिकासाठी नाही. एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या १९८२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की किमान वेतनापेक्षा कमी देऊन करून घेतलेलं काम ही २३ व्या कलमाने निषिद्ध ठरवलेली वेठबिगारीच. रात्रभर बॅटरी घेऊन कलमांखाली फिरणाऱ्या आणि दिवसा आंबे उतरवणाऱ्या माणसाचे तास कुणी मोजले, तर त्या निकालाच्या उजेडात आपल्या किती बागा उभ्या राहतील, हे मला सांगवत नाही.

सरकारने काय करावं याची यादी मोठी होईल. एक गोष्ट मात्र ग्रामपंचायतीच्या पातळीवर उद्या करता येईल: हंगामाच्या सुरुवातीला प्रत्येक बागेतल्या माणसांची नोंद, नागरिकतेच्या प्रमाणपत्रावरच्या नावाने, घरच्या फोन नंबरासह. पोलीस अशी माहिती मागतात ती गुन्हे झाले तर शोधायला सोपं जावं म्हणून. तीच वही माणूस आजारी पडला, झाडावरून पडला, तर त्याच्या घरी कळवायला कामी यावी. तालुका कृषी अधिकारी फवारणीच्या वेळापत्रकाची पत्रकं वाटतात. त्याच पत्रकावर विषबाधा झाली तर काय करायचं, हे नेपाळीत छापता येईल. लिपी तर एकच आहे.

मामांच्या बागेत त्या जानेवारीनंतर काही गोष्टी बदलल्या. मांगराच्या मागे संडास बांधला. खोलीत पंखा आला. पगार हंगामाच्या शेवटी एकरकमी देण्याऐवजी दर महिन्याला त्यांच्या गावी पाठवला जातो, कारण अडकवलेला पैसा म्हणजे बेडीच, हे मामांना पटलं. एक निळी वही आहे, तिच्यात प्रत्येकाचं खरं नाव लिहिलेलं असतं आणि सगळे त्याच नावाने हाक मारतात. फवारणीचं संरक्षक किट मात्र खुंटीला टांगलेलं असायचं. प्लॅस्टिकचा तो अंगरखा आमच्या दमट हवेत दहा मिनिटं सोसवत नाही, आणि न घालता फवारू द्यायचं नाही असं ठरवलं की काम अडायचं. गेल्या हंगामापासून त्यावर तोड काढली आहे. फवारणी पहाटे उजाडल्यापासून नऊपर्यंतच, किट घालून, आणि फवारणाऱ्याला नऊनंतर दुसरं काम नाही, पगार पूर्ण दिवसाचा. त्यासाठी एक माणूस जास्त लागतो. त्याचं तिकीट मामांनी काढलं आहे, आणि त्याचं नाव वहीत लिहून ठेवलं आहे.